व्हिडिओ खेळ : अनन्य व बहुमंचीय

दूरचित्रवाणी संचाला जोडून व्हिडिओ खेळ खेळण्यासाठी जे खास संगणकीय यंत्र वापरतात, त्यास कन्सोल म्हणतात. एकाच निर्मात्याच्या कन्सोलपुरता प्रसिद्ध केलेला खेळ हा अनन्य खेळ आणि निरनिराळ्या निर्मात्यांच्या कन्सोलांवर, तसेच बहुधा वैयक्तिक संगणकावरही, उपलब्ध होणारा खेळ हा बहुमंचीय खेळ होय. अनन्यता कायमची असते किंवा काही महिन्यांच्या अथवा वर्षांच्या मुदतीपुरतीही असू शकते. अनन्य खेळ बहुमंचीय खेळांहून सरस असतात काय, हा वाद खेळाडूंमध्ये जुना आहे. अलीकडे तर अनन्यतेचा प्रश्न न्यायालयांतही उपस्थित झाला. केवळ एका कालखंडाकडे पाहून त्याचे उत्तर देता येत नाही. सुमारे पन्नास वर्षांत अनन्यतेची कारणे बदलत गेली आणि कारणांबरोबर तिचे परिणामही बदलले.

अनन्यतेचे प्रकार : कारणांच्या दृष्टीने अनन्यतेचे तीन प्रकार पडतात. (१) यंत्रजन्य अनन्यता : विशिष्ट यंत्राची रचना, स्मृती किंवा नियंत्रक यांच्याशी खेळ इतका जखडलेला असतो, की तो अन्य यंत्रावर तसाच नेता येत नाही. (२) मालकीजन्य अनन्यता : कन्सोलचा निर्माता स्वतः किंवा आपल्या मालकीच्या संस्थेकडून खेळ तयार करवून घेतो, किंवा बाहेरच्या संस्थेला त्यासाठी भांडवल पुरवितो. (३) करारजन्य अनन्यता : एरव्ही अनेक यंत्रांवर येऊ शकणारा खेळ मोबदला देऊन किंवा परवान्यातील अटीने एका यंत्रापुरता रोखला जातो. पहिल्या दोन प्रकारांत खेळाच्या गुणवत्तेत भर पडण्यास वाव असतो. तिसऱ्या प्रकारात खेळ तोच राहतो, फक्त तो कोणाला खेळता येईल हे बदलते. प्रत्यक्षात हे प्रकार अनेकदा एकमेकांत मिसळलेले आढळतात आणि वादातील बराचसा गोंधळ त्यांतूनच निर्माण होतो.

प्रारंभीचा काळ (१९७७–८३) : अमेरिकेत १९७७ मध्ये अटारी कंपनीने ‘व्हिडिओ काँप्यूटर सिस्टिम’ (पुढे ‘अटारी २६००’ या नावाने प्रसिद्ध) हा कन्सोल बाजारात आणला. त्याची कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट होती. कार्ट्रिज (भारतातील रूढ शब्द कॅसेट) बदलून त्यावर वेगवेगळे खेळ खेळता येत. जपानमधील टैटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) हा सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून खेळावयाचा खेळ होता. त्याची घरगुती आवृत्ती अटारीने १९८० मध्ये काढली, तेव्हा केवळ त्या एका खेळासाठी अनेकांनी कन्सोल विकत घेतला. यंत्रामुळे खेळ खपतो त्याप्रमाणे खेळामुळे यंत्रही खपते, ही गोष्ट व्यवसायाच्या ध्यानी आली आणि पुढील सर्व अनन्यतेचे व्यापारी बीज येथेच पडले.

कन्सोलचे खेळ मूळ निर्माताच तयार करी. अटारीतून बाहेर पडलेल्या काही आज्ञावलीकारांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी स्थापन केल्यावर ही स्थिती बदलली. अटारीने तिच्यावर दावा लावला, परंतु १९८२ मध्ये तडजोड झाली आणि बाहेरच्या संस्थांनी कन्सोलसाठी खेळ तयार करण्याची प्रथा स्थिरावली. स्वतंत्र संस्थेला जितकी अधिक यंत्रे, तितके अधिक ग्राहक हे उघड असल्याने एकच खेळ अनेक यंत्रांवर काढण्याचे प्रमाण वाढू लागले.

मात्र त्या काळी एक खेळ दुसऱ्या यंत्रावर नेणे म्हणजे तो जवळजवळ नव्याने लिहिणेच होते. निन्टेंडोच्या ‘डाँकी काँग’ (१९८१) या खेळात चार टप्पे होते. कोलेको कंपनीने १९८२ मध्ये स्वतःच्या ‘कोलेकोव्हिजन’साठी काढलेल्या आवृत्तीत त्यांपैकी तीन उतरले. त्याच कंपनीने अटारी २६०० साठी काढलेल्या आवृत्तीत दोनच टप्पे मावले. नाम्को कंपनीचा ‘पॅक-मॅन’ १९८२ मध्ये अटारी २६०० वर आला, तेव्हा चारही भुते एकाच वेळी रेखाटण्याची त्या यंत्राची क्षमता नव्हती. ती आळीपाळीने दाखविली जात आणि त्यामुळे पडद्यावर लुकलुकत. लाखो प्रती खपूनही खेळाडूंची निराशा झाली. बहुमंचीय खेळ म्हणजे पातळ केलेला खेळ, हा समज या काळात रुजला आणि त्या काळापुरता तो निराधार नव्हता.

निन्टेंडोचे वर्चस्व : निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हा कन्सोल विक्रीस आणला. त्यासाठी शिगेरू मियामोतो (१६ नोव्हेंबर १९५२– ) व ताकाशी तेझुका यांनी रचलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा यंत्रजन्य अनन्यतेचा नमुनेदार दाखला आहे. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला होता. पार्श्वभूमी आडवी सरकविण्याची यंत्राची अंगभूत सोय हाच खेळाच्या रचनेचा पाया होता. ढग आणि झुडूप यांसाठी एकच आकृती केवळ रंग बदलून वापरण्याची काटकसर यंत्राची खडान्‌खडा माहिती असल्यावाचून साधत नाही. यंत्र आणि खेळ यांचे रचनाकार एकाच छपराखाली असण्याचा लाभ तो हाच.

याच कंपनीने अनन्यतेचे दुसरे, कमी गौरवास्पद रूपही रूढ केले. अमेरिकेतील १९८३ च्या मंदीचे एक कारण निकृष्ट खेळांचा सुळसुळाट मानले जाते. त्यामुळे १९८५ मध्ये तेथे आणलेल्या ‘निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम’मध्ये आणि तिच्या अधिकृत कार्ट्रिजमध्ये परस्परांची ओळख पटविणारी चिप बसविण्यात आली. परवान्याशिवाय कोणाचाही खेळ त्यावर सहजी चालू नये, अशी ती योजना होती. परवानाधारकास वर्षाला पाचच खेळ काढता येत, कार्ट्रिजे निन्टेंडोकडूनच तयार करून घ्यावी लागत आणि तो खेळ दोन वर्षे अन्य कन्सोलवर प्रसिद्ध करता येत नसे. संख्येवरील मर्यादेमुळे दर्जाला काहीसा आधार मिळाला, असे म्हणता येईल. दोन वर्षांच्या अटीचा मात्र दर्जाशी संबंध नव्हता. प्रतिस्पर्ध्यांना खेळ मिळू न देणे एवढाच तिचा उपयोग होता. १९९० च्या सुमारास ही अट मागे घेण्यात आली. सेगा विरुद्ध ॲकोलेड या १९९२ च्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने, सुसंगत खेळ तयार करण्यासाठी यंत्राच्या आज्ञावलीचा उलगडा करणे हा न्याय्य वापर ठरू शकतो, असा निर्णय दिला. यंत्राचा मालक हाच त्यावरील खेळांचा एकमेव द्वारपाल, ही कल्पना त्यामुळे काहीशी सैल झाली.

सेगाचा ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) आणि निन्टेंडोचा मारिओ यांच्या स्पर्धेत अनन्य पात्र हेच कन्सोलचे बोधचिन्ह बनले. त्याच काळातील बहुमंचीय खेळांच्या बाबतीत एक गोष्ट आज विसरली जाते. ‘अलादीन’ (१९९३) या एकाच नावाचे दोन खेळ निघाले. सेगाच्या कन्सोलवरील खेळ व्हर्जिन कंपनीने, तर निन्टेंडोवरील कॅपकॉमने तयार केला. पहिल्यात नायकाच्या हाती तलवार होती, दुसऱ्यात नव्हती. खेळाडू ज्यास एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या समजत, ते वस्तुतः दोन स्वतंत्र खेळ होते आणि दोहोंचेही चाहते निर्माण झाले.

सीडीचा उदय : सोनीने ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये ‘प्लेस्टेशन’ आणले. त्यात खेळ सीडीवर येत. एका सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावे, तर ‘निन्टेंडो ६४’ची कार्ट्रिजे ६४ मेगाबाइटांपलीकडे गेली नाहीत. ‘फायनल फँटसी’ मालिकेतील पहिले सहा खेळ निन्टेंडोच्या कन्सोलांवर प्रसिद्ध करणाऱ्या स्क्वेअर कंपनीने सातवा खेळ (१९९७) प्लेस्टेशनसाठी तयार केला. त्याला तीन सीडी लागल्या. येथे अनन्यता खेळाच्या गरजेतून आली. उलट, निन्टेंडो ६४ ला चार नियंत्रक जोडण्याची सोय मुळातच असल्याने ‘गोल्डनआय ००७’ (१९९७) हा चौघांनी एकत्र बसून खेळावयाचा खेळ त्या यंत्रावर शोभला. प्रत्येक यंत्राचे सामर्थ्य निराळे आणि त्या सामर्थ्याला साजेसा खेळ निराळा, असा हा काळ होता.

एकविसाव्या शतकाचा प्रारंभ : बंजी या संस्थेचा ‘हेलो’ हा खेळ १९९९ मध्ये मॅकिन्टॉश संगणकाच्या मेळाव्यात प्रथम दाखविण्यात आला होता. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ती संस्थाच विकत घेतली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तो ‘एक्सबॉक्स’चा अनन्य खेळ म्हणून प्रसिद्ध झाला. संगणकासाठी कल्पिलेल्या या खेळाची हाताळणी नियंत्रकाला अनुकूल करून घेण्यात आली आणि कन्सोलवरील नेमबाजीच्या खेळांना तिने वळण लावले. मालकी बदलल्यामुळे काही खेळाडूंना खेळाची वाट पाहावी लागली, परंतु खेळाला मात्र लाभ झाला.

कॅपकॉमचा ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ हा वादाच्या दोन्ही बाजू एकत्र दाखविणारा दाखला होय. शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली तो निन्टेंडोच्या ‘गेमक्यूब’साठी तयार झाला आणि जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ‘प्लेस्टेशन २’वर आला. या दुसऱ्या आवृत्तीत चित्रणाचा दर्जा काहीसा उतरला, पण एक नवे उपकथानक जोडले गेले. गेमक्यूबची एकूण विक्री सुमारे २.१७ कोटी होती, तर प्लेस्टेशन २ ची १५.५ कोटींहून अधिक. खेळ मूळ यंत्रावर अधिक देखणा होता आणि दुसऱ्या यंत्रावर अधिक लोकांपर्यंत पोहोचला. यांपैकी कशाला ‘अधिक चांगला’ म्हणावे, हे ‘चांगला’ या शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहते.

सोनीच्या ‘प्लेस्टेशन ३’ने (२००६) यंत्रजन्य अनन्यतेला टोक गाठून दिले. त्यातील ‘सेल’ प्रक्रियकात एका मुख्य गाभ्याच्या जोडीला अनेक सहायक गाभे होते आणि त्यांचा मेळ घालणे अवघड असे. अनेक यंत्रांसाठी एकाच वेळी खेळ काढणाऱ्या संस्थांना एवढा खटाटोप परवडत नसे. ‘बेयोनेटा’ (२००९) हा खेळ मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’वर सफाईने चाले, प्लेस्टेशन ३ वर मात्र त्याची गती मंदावे. ‘स्कायरिम’च्या (२०११) प्लेस्टेशन ३ वरील आवृत्तीत खेळ जसजसा पुढे जाई तसतसा त्याचा वेग घसरे. याउलट २००१ पासून सोनीच्या मालकीच्या असलेल्या नॉटी डॉग या संस्थेने त्याच यंत्रावर ‘अनचार्टेड २’ (२००९) व ‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) हे खेळ सिद्ध केले. एका यंत्राचा वर्षानुवर्षे अभ्यास, तो करण्यास लागणारा वेळ आणि पैसा पुरविणारा मालक, या तिन्ही गोष्टी तेथे जुळून आल्या होत्या. तथापि केवळ अनन्यता पुरेशी नसते, याचे उदाहरणही त्याच यंत्रावर सापडते. ‘लेअर’ (२००७) हा खेळ नियंत्रक तिरपा करून खेळण्याच्या यंत्राच्या वैशिष्ट्यावर आधारलेला होता. ही हाताळणी खेळाडूंना इतकी त्रासदायक वाटली, की पुढील वर्षी सुधारणा करून नेहमीच्या हाताळणीची सोय द्यावी लागली.

भांडवलाचे महत्त्व ‘बेयोनेटा २’च्या (२०१४) बाबतीत विशेष स्पष्ट होते. पहिला खेळ बहुमंचीय होता. दुसऱ्यासाठी निन्टेंडोने पुढाकार घेतला आणि तो ‘वी यू’ या कन्सोलपुरता निघाला. अन्य यंत्रांवरील चाहते नाराज झाले, परंतु त्या पाठबळाशिवाय हा खेळ निघालाच नसता, असे त्याच्या निर्मात्यांचे म्हणणे होते. याच्या नेमके विरुद्ध उदाहरण ‘राइझ ऑफ द टूम रेडर’चे आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो कराराने फक्त मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलांवर आला. जानेवारी २०१६ मध्ये संगणकावर आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘प्लेस्टेशन ४’वर तोच खेळ काही भर घालून प्रसिद्ध झाला. ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्या हाती अधिक भरलेला खेळ आला.

यंत्रांचे साधर्म्य : २०१३ मध्ये आलेल्या ‘प्लेस्टेशन ४’ व ‘एक्सबॉक्स वन’ या दोन्ही कन्सोलांत एएमडी कंपनीचे, वैयक्तिक संगणकाच्या जातकुळीचे प्रक्रियक होते. अन्‌रिअल, युनिटी यांसारखी खेळ-निर्मितीची तयार साधनेही सर्वत्र रूढ झाली. परिणामी यंत्रजन्य अनन्यतेचा पाया खचला. निन्टेंडोने मात्र आपल्या कन्सोलांची घडण वेगळी ठेवली. हात हलवून खेळावयाचा ‘वी’ (२००६) आणि घरी व प्रवासात दोन्हीकडे चालणारा ‘स्विच’ (२०१७) ही त्याची उदाहरणे असून, यंत्र आणि खेळ यांची एकत्र रचना आज प्रामुख्याने तेथेच आढळते.

गुणवत्तेची तुलना करण्यासाठी ‘द गेम अवॉर्ड्‌स’ या वार्षिक पुरस्कारांकडे पाहता येते. २०१४ ते २०२४ या अकरा वर्षांत सर्वोत्कृष्ट खेळाचा मान चार वेळा अनन्य खेळांना मिळाला : ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७), ‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८), ‘द लास्ट ऑफ अस, भाग २’ (२०२०) आणि ‘ॲस्ट्रो बॉट’ (२०२४). उरलेल्या सात वेळा तो ‘द विचर ३’ (२०१५), ‘एल्डन रिंग’ (२०२२), ‘बॉल्डर्स गेट ३’ (२०२३) यांसारख्या बहुमंचीय खेळांकडे गेला. दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या खेळांत मोठ्या खर्चाचे अनन्य खेळ मोजकेच असतात, हे लक्षात घेता चार ही संख्या लहान नाही. परंतु सर्वोच्च दर्जा अनन्य खेळांचीच मिरासदारी आहे, हे म्हणणे या यादीपुढे टिकत नाही. दुसऱ्या बाजूने, अनेक यंत्रांवर एकदम उतरण्याचा धोकाही खरा आहे. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जुन्या कन्सोलांवर तो इतका सदोष ठरला, की सोनीने तो आपल्या विक्रीकेंद्रातून काढून घेतला. जून २०२१ मध्ये तो तेथे परतला.

खर्च व धोरणातील बदल : मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेण्याचा ६,८७० कोटी डॉलरचा व्यवहार २०२२ मध्ये जाहीर केला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ ही बहुमंचीय मालिका अनन्य होईल काय, हा त्यावरील अमेरिकेतील खटल्याचा कळीचा मुद्दा होता. व्यवहार रोखण्यास न्यायालयाने नकार दिला व ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पुरा झाला. या खटल्यातील कागदपत्रांवरून ‘द लास्ट ऑफ अस, भाग २’चा निर्मितिखर्च सुमारे २२ कोटी डॉलर होता, हे उघड झाले. एवढा खर्च एकाच यंत्राच्या ग्राहकांकडून भरून काढणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. सोनीने ‘होरायझन झीरो डॉन’ (२०१७) हा आपला खेळ २०२० मध्ये संगणकावर आणला आणि पुढे इतरही आणले. त्यांपैकी ‘द लास्ट ऑफ अस, भाग १’ची संगणकावरील आवृत्ती (मार्च २०२३) प्रारंभी दोषांनी भरलेली होती. यंत्राशी जमलेला मेळ खेळाबरोबर आपोआप स्थलांतर करीत नाही, याचा हा प्रत्यय होता. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये आपले चार खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या कन्सोलांवर देण्याचे ठरविले. ज्या ‘हेलो’ने एक्सबॉक्सला ओळख मिळवून दिली, त्याची नवी आवृत्ती ‘प्लेस्टेशन ५’वर आणण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली.

भारतातील स्थिती : भारतात १९९० नंतरच्या दशकात शहरांतून व तालुक्यांच्या गावांतूनही फॅमिकॉमच्या नकला विकल्या जात. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ भरलेले असत आणि ते कोणत्या कंपनीचे आहेत, याची खेळणाऱ्या मुलांना गंधवार्ताही नसे. अनन्यतेचा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने अधिकृत कन्सोलांबरोबर आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना विक्रीस आला. एका खेळासाठी दुसरा कन्सोल घेणे बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने, येथे अनन्य खेळ म्हणजे बहुधा न खेळता येणारा खेळ ठरतो. निर्मात्याची बाजू पुण्याच्या नॉडिंग हेड्‌स गेम्स या संस्थेच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या खेळात दिसते. भारतीय पुराणकथांच्या वातावरणातील हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेंडो स्विचवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक व अन्य कन्सोलांवर प्रसिद्ध झाला.

जतनाचा प्रश्न : खेळाच्या दर्जाइतकेच त्याचे आयुष्यही महत्त्वाचे असते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नव्हते. एकाच यंत्राशी बांधलेला खेळ त्या यंत्राबरोबर वृद्ध होतो. यंत्राचे उत्पादन थांबले, सुटे भाग मिळेनासे झाले आणि मालकाने पुनःप्रकाशन केले नाही, तर उत्तम खेळही केवळ आठवणीपुरता उरतो. अनेक यंत्रांवर गेलेल्या खेळाची निदान एखादी आवृत्ती टिकण्याची शक्यता अधिक असते.

मूल्यमापन : इतिहासाच्या आधारे असे दिसते, की अनन्यता हा गुणवत्तेचा हेतू नसून, गुणवत्तेस पोषक अशा काही परिस्थितींची ती सहचारिणी आहे. यंत्राचे सखोल ज्ञान, पुरेसा अवधी, धीर धरणारे भांडवल आणि एकाच ठिकाणी केंद्रित झालेले लक्ष या गोष्टी जेथे होत्या, तेथे अनन्य खेळ श्रेष्ठ ठरले. याच गोष्टी ‘द विचर ३’ किंवा ‘बॉल्डर्स गेट ३’ यांच्या वाट्याला आल्या, तेव्हा बहुमंचीय खेळही तितकेच श्रेष्ठ ठरले. जेथे अनन्यता केवळ कराराने विकत घेतली गेली, तेथे तिने खेळात काही भर घातली नाही, खेळाडूंची संख्या मात्र कमी केली. यंत्रे परस्परांहून अगदी भिन्न होती तोवर ‘एका यंत्रासाठी घडविलेला खेळ सरस’ या समजाला तांत्रिक आधार होता. यंत्रे एकमेकांसारखी होत गेली, तसा तो आधार निन्टेंडोसारखे अपवाद वगळता क्षीण झाला आहे.